मुद्रितशोधकाची झोप : ध्यानाच्या एका रेकॉर्डिंगचं प्रकरण

समुपदेशनासाठी येणारे बरेच जण झोपेची तक्रार घेऊन येत नाहीत, ती बोलता बोलता निघते. हे गृहस्थ मात्र थेट झोपेसाठीच आले, आणि येताना फोनमध्ये अकरा रेकॉर्डिंग घेऊन आले. वय ४७, काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईला जाणारा मजकूर ओळ न् ओळ तपासण्याचं. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. व्यवसाय तेवढा बदलता आला नाही, कारण तो काढला तर प्रकरणच उरत नाही. सोयीसाठी त्यांना इथे ‘शोधक’ म्हणते.

खुर्चीत बसल्याबसल्या ते म्हणाले, “मॅडम, मला ध्यान लागू पडेनासं झालंय.” एखादं औषध लागू पडेनासं व्हावं, अगदी तोच सूर. माझ्या वहीत पहिल्या दिवशी अधोरेखित केलेलं हे एकच वाक्य आहे.

हकीकत अशी. सात महिन्यांपूर्वी एका जाडजूड ग्रंथाचं काम त्यांच्या अंगावर आलं. सहा आठवडे रात्री दीड-दोनपर्यंत मुद्रितं तपासणं चाललं. काम संपलं, ग्रंथ छापूनही झाला, पण गेलेली झोप काही परत आली नाही. आठवड्यातल्या पाच रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यापासून झोप लागेपर्यंत सव्वा-दीड तास जाई. दिवसा चुका सुटायला लागल्या. एका पुस्तकात तर आतल्या मजकुरात नव्हे, प्रकरणाच्या शीर्षकातच चूक तशीच छापली गेली, आणि ती दुसऱ्या कुणीतरी दाखवली. हे सांगताना त्यांचा आवाज झोपेबद्दल बोलतानापेक्षा जास्त पडला होता.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांतली अस्वस्थता, थायरॉइड, चालू असलेली औषधं हे सगळं डॉक्टरांनी आधी पाहून झालं होतं. तसं झालं नसतं तर मी ध्यानाचा विषय काढलाच नसता. ज्याचा झोपेत श्वास अडकतो त्याला रेकॉर्डिंग ऐकवत बसणं म्हणजे दुखणं लांबवणं. आठवड्यातून किमान ३ रात्री, किमान ३ महिने, झोपायला वेळ आणि जागा असूनही झोप नीट होत नाही आणि दिवसा त्याचा त्रास होतो, असं असेल तर तो जुना निद्रानाश धरतात. शोधक त्यात बसत होते. निद्रानाशाची तीव्रता मोजायची सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिचे गुण ० ते २८, आणि १५ ते २१ म्हणजे मध्यम. यांचे १७ आले.

झोप तज्ज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७मध्ये निद्रानाशाची कारणं तीन थरांत मांडली होती: माणसाचा मुळातला कल, निमित्त घडवणारी घटना आणि दुखणं टिकवून धरणाऱ्या सवयी. मला ही मांडणी अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. माणूस निमित्ताबद्दल भरभरून बोलतो, आणि निमित्त तर केव्हाच संपलेलं असतं. शोधकांचा ग्रंथ छापून विकला जात होता. टिकवून धरणाऱ्या गोष्टींत काय काय आहे ते शोधायचं होतं. ध्यानही त्यात निघेल, असं मला पहिल्या भेटीत वाटलं नव्हतं.

अकरा रेकॉर्डिंगची वही

चौथ्या महिन्यात त्यांनी एका अ‍ॅपवरचं मार्गदर्शित ध्यान ऐकायला सुरुवात केली. दिवा मालवायचा, हेडफोन लावायचा, आडवं व्हायचं. पहिला आठवडा जादूचा गेला, वीस मिनिटांत झोप. दुसरा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात ध्यान संपायचं आणि हे टक्क जागे असायचे.

पहिल्या आठवड्यातली ती जादू खोटी नव्हती. अंथरुणावर पडून जो उद्याची कामं मोजत बसतो, त्याच्या डोक्याला दुसरं काही धरायला दिलं की फरक पडतो. २००२मध्ये अ‍ॅलिसन हार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्याने निद्रानाश असलेल्यांवर असा प्रयोग केला होता. काहींना एखादं सुखद दृश्य बारकाईने डोळ्यांपुढे आणायला सांगितलं, काहींना नुसतं ‘मन दुसरीकडे वळवा’ म्हटलं, काहींना काहीच सांगितलं नाही. दृश्यात रमलेल्यांनी झोप लवकर लागल्याचं सांगितलं. नवं रेकॉर्डिंग पहिले काही दिवस असंच एक दृश्य असतं. त्याची सवय झाली की मन पुन्हा मोकळं होतं, आणि मोकळं मन आपल्या नेहमीच्या धंद्याला लागतं.

या गृहस्थांचा धंदा चुका काढण्याचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दुसरं रेकॉर्डिंग शोधलं, मग तिसरं. एक वही केली. तिच्यात रकाने आखले: तारीख, रेकॉर्डिंग, लांबी, पार्श्वसंगीत, झोप लागली की नाही, दहापैकी गुण. मनगटावर झोप मोजणारं घड्याळ आलं. सकाळी डोळे उघडताच आधी घड्याळातला आकडा बघायचा आणि मग आपल्याला ताजंतवानं वाटतंय की नाही ते ठरवायचं. घड्याळातल्या आकड्यांच्या मागे लागून झोप घालवणाऱ्यांसाठी २०१७मध्ये काही डॉक्टरांनी ऑर्थोसोम्निया असं नावही काढलं. ते आजाराचं अधिकृत नाव नाही, पण माणसं मात्र खरी आहेत.

वही मी पूर्ण वाचली. अतिशय सुंदर अक्षर.

ऐकताना बघितलं

दुसऱ्या भेटीत मी त्यांना म्हटलं, यातलं सगळ्यात चांगलं वाटतं ते रेकॉर्डिंग इथे लावा आणि रात्री ऐकता तसंच ऐका. १८ मिनिटांचं होतं. मी ते फारसं ऐकलं नाही, त्यांच्याकडे बघत बसले.

चौथ्या मिनिटाला उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जवळ आली. पेन धरल्यासारखी. नंतर अधूनमधून मनगट बाहेरच्या बाजूला किंचित झटकलं जाई, समासात खूण करावी तसं. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि हात कामावर. खांदे जवळजवळ कानांपर्यंत चढलेले.

रेकॉर्डिंग संपल्यावर विचारलं, “काय ऐकलंत?”

ते भराभरा सांगू लागले. “‘शिथिल’चा उच्चार तीनदा चुकलाय. सुरुवातीला ‘आपले पाय’, मध्येच ‘तुमचे हात’, शेवटी पुन्हा ‘आपले’. एकदा ‘तणाव निघून जात आहे’ आणि लगेच पुढे ‘ताण निघून जातोय’. भाषा एक धरायला नको का?”

“आणि खांदे?”

“खांदे होते का त्यात?”

होते. दोनदा होते. १८ मिनिटं त्यांनी एकही शब्द सोडला नव्हता, फक्त त्यातलं काहीही अंगापर्यंत पोचलं नव्हतं.

इथे एक बाजूची गोष्ट सांगते, कारण ती केवळ या गृहस्थांपुरती नाही. मराठीतली बरीचशी रेकॉर्डिंग मी या कामापायी ऐकली आहेत, आणि त्यांची भाषा मला कवायतीची वाटते. ‘लक्ष श्वासावर केंद्रित करा. शरीर सैल सोडा. मनात विचार येऊ देऊ नका.’ हुकूम ऐकला की माणूस सावध होतो, सैल होत नाही. त्यात प्रमाण भाषेचा औपचारिक सूर, म्हणजे ऐकणारा नकळत पाठीचा कणा ताठ करतो. ‘पाय सैल सोडा’पेक्षा ‘पाय जड होऊ देत’ किंवा नुसतं ‘पाय जड होताहेत’ हे वेगळं काम करतं. जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्स यांनी १९३२मध्ये मांडलेल्या ऑटोजेनिक पद्धतीतली वाक्यं याच घाटाची आहेत: हात जड आहे, हात उबदार आहे. आज्ञा नाही, नुसती नोंद. आणि ती ऊबही उगीच नाही. झोप लागण्याच्या सुमारास हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरू लागतं. पाय गरम असले की झोप लवकर लागते, हे १९९९मध्ये स्विस संशोधकांनी मोजून दाखवलं होतं.

हे सगळं मी शोधकांना सांगितलं. भाषेचा विषय निघाल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. मग मी विचारलं, “‘मी झोपतो’ आणि ‘मला झोप लागते’, यांत फरक काय?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “पहिल्यात मी कर्ता आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्यात झोप कर्ता आहे. मी चतुर्थीत.”

भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, उचकी लागते, तशी झोप लागते. आडवं होणं आपल्या हातात, पुढचं वाक्य आपलं नाही. मराठीने हे व्याकरणातच सांगून ठेवलंय आणि आपण रोज रात्री चतुर्थीतून प्रथमेत यायची धडपड करतो. शोधकांचं ध्यान हे त्या धडपडीचं नवं हत्यार झालं होतं. १९९६मधला एक प्रयोग मी यासाठी नेहमी सांगते. काही जणांना सांगितलं की शक्य तितक्या लवकर झोपा, आणि कानात लष्करी बँडचं संगीत लावून दिलं. इतरांना तेच संगीत लावलं, पण सांगितलं की हवं तेव्हा झोपा. घाई केलेल्यांना झोप लागायला जास्त वेळ लागला. मनावर दुसरा भार असताना मुद्दाम एखादी गोष्ट साधायला गेलं की उलटंच हाती येतं, अशी त्या संशोधकांची मांडणी होती. शोधकांच्या कानात लष्करी बँड नव्हता, पण ‘शीथील’ होतं. त्यांच्यापुरता तो बँडच.

जागं राहण्यासाठीच्या पद्धती

आज झोपेसाठी म्हणून जी मार्गदर्शित ध्यानं ऐकवली जातात, त्यांच्या मुळाशी गेलं तर गंमत दिसते. बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी योगनिद्रेची जी पद्धत बसवली, तिच्यात साधकाने जागं राहायचं असतं, ‘मी झोपणार नाही’ असं ठरवूनच सुरुवात करायची असते. अंगभर क्रमाने लक्ष फिरवण्याचा जो सराव जॉन कबात-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या, ताण कमी करण्याच्या कार्यक्रमात आहे, त्याचाही हेतू झोप नव्हता. एडमंड जेकबसन यांनी स्नायू आवळून सोडण्याची पद्धत मांडली (त्यांचं पुस्तक १९२९चं), तिच्यात तर ताण कुठे आहे हे ओळखायला शिकणं हाच मुख्य भाग होता आणि त्याला ते बराच काळ देत. म्हणजे तिन्ही ठिकाणी आधी जागेपणी शिकायची कला आहे. झोप आली तर ती पुढची गोष्ट.

ध्यानाने झोप सुधारते का, यावर बोलताना लोक २०१५च्या एका अभ्यासाचा हवाला देतात. ५५ वर्षांवरच्या ४९ जणांचे दोन गट केले. एकाला सहा आठवडे सजगतेचं शिक्षण दिलं, दुसऱ्याला झोपेच्या चांगल्या सवयींचं. पहिल्या गटाची झोप अधिक सुधारली. अभ्यास लहान आहे, पण नीट केलेला आहे. तिथेही लोक आठवड्यातून एकदा दोन तास वर्गात बसत होते आणि घरी सराव करत होते. अंथरुणात हेडफोन लावून गोळीसारखं घेत नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी ४७ चाचण्या एकत्र करून केलेल्या मोठ्या आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांच्यासाठी ध्यानाचा मध्यम दर्जाचा पुरावा सापडला होता, झोपेसाठी मात्र तेवढाही नाही. जुन्या निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून २०१६मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने शिफारस केली ती ध्यानाची नव्हे, निद्रानाशासाठीच्या वर्तन-विचार उपचाराची, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची. शिथिलीकरण हा त्यातला एक तुकडा असतो, आणि माझ्या मते सगळ्यात बिनमहत्त्वाचा. झोपेसाठी आलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही, कारण बाकीचे तुकडे त्रासाचे आहेत.

आठ आठवडे

पहिला आठवडा काहीही बदललं नाही. फक्त मनगटावरचं घड्याळ खणात गेलं, अकरा रेकॉर्डिंगची वही माझ्याकडे आली आणि त्याऐवजी साधी झोपेची डायरी सुरू झाली, सकाळी अंदाजाने भरायची. तिच्यात जे दिसलं ते त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. झोप कमी होते म्हणून ते रात्री साडेनऊलाच अंथरुणात शिरत आणि सकाळी सातपर्यंत उठत नसत. अंथरुणात साडेनऊ तास, त्यात झोप सरासरी पावणेसहा तास. जेमतेम ६० टक्के. उरलेले पावणेचार तास जागरण. त्यातलं सुरुवातीचं दीडेक तास तेवढंच ते ‘आजार’ म्हणून मोजत होते. मधलं जागरण आणि पहाटे पाचनंतरचं ‘बघू, लागते का परत’ हे हिशोबातच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ध्यान अंथरुणातून बाहेर काढलं. संध्याकाळी साडेसहाला, खुर्चीत बसून, १५ मिनिटं, जेकबसनच्या पद्धतीने: मूठ आवळायची, पाचेक सेकंद धरायची, सोडायची आणि सोडल्यावर काय वाटतं ते बघत राहायचं. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय. झोपेशी याचा काही संबंध नाही, असं मी दोनदा बजावलं. रात्री अंथरुणात काहीही ऐकायचं नाही. ते नाराज झाले. रात्रीचं एकमेव हत्यार मी काढून घेतलं होतं.

या आठवड्यात एक अडचण आली आणि ती माझ्या चुकीने आली. शेवटी दोन मिनिटं श्वासाकडे बघा, असं मी सवयीने सांगितलं होतं. श्वासाकडे बघता बघता त्यांना छातीतली धडधड जाणवली, धडधडीकडे बघितल्यावर ती वाढली, आणि ते घाबरून उठले. शिथिल होताना उलट चिंता वाढणं हे काही जणांत होतं, याची नोंद १९८०च्या दशकापासून आहे. मी पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. श्वास काढून टाकला. त्याऐवजी तळव्यांना जमिनीचा स्पर्श आणि खोलीतले आवाज, हवं तर डोळे उघडे. दुसऱ्या दिवशी त्रास नव्हता. ज्यांच्या मागे जुना आघात आहे किंवा घाबरण्याचे झटके येतात, त्यांनी तर डोळे मिटून एकट्याने असली रेकॉर्डिंग लावण्याआधी जाणकाराशी बोलावं, असं माझं मत तेव्हापासून आणखी पक्कं झालं.

तिसऱ्या आठवड्यात अंथरुणातला वेळ आवळला: रात्री सव्वाबारा ते सकाळी सव्वासहा. सहा तास, त्याआधी पाठ टेकायची नाही. झोप लागत नाहीये आणि चीड यायला लागली की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे जड झाले की परत यायचं. हा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२चा. “किती मिनिटांनी उठायचं?” त्यांनी विचारलं. घड्याळ बघायचं नाही, म्हटलं, चीड हेच घड्याळ. हा भाग सोपा नाही. पहिले दहा दिवस दिवसा पेंग येते, म्हणून गाडी चालवणं त्यांनी थांबवलं. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांना झोप अशी आवळणं महागात पडू शकतं. तिथे डॉक्टरांशिवाय हे करूच नये. शोधकांचे या काळातले निरोप छापण्याजोगे नाहीत.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी झोप लागायचा वेळ पाऊण तासावर आला होता. उठून बाहेर जाणं आठवड्यातून तीनदा. त्यांची मागणी एकच: रात्रीसाठी काहीतरी द्या. खांदे आता त्यांना संध्याकाळच्या सरावात नेमके कळत होते, तेव्हा मला हरकत वाटली नाही.

आधी त्यांनी स्वतःच संहिता लिहिली, निर्दोष, आणि बायकोच्या आवाजात रेकॉर्ड केली. तिला मध्ये हसू आलं. शिवाय ते म्हणाले, “हिच्या आवाजात मला दिवसभराचा हिशोब ऐकू येतो.” मग स्वतःच्या आवाजात केली. तो प्रकार एका रात्रीत संपला. स्वतःचे उच्चार तपासणं सगळ्यांत वाईट.

तेव्हा मला योगनिद्रेतला लक्ष फिरवण्याचा भाग आठवला. तिथे अवयवांची नुसती नावं घेत जातात. मी उरलीसुरली क्रियापदंही काढून टाकली. उजवा अंगठा. तर्जनी. मध्यमा. अनामिका. करंगळी. तळहात. मनगट. कोपर. खांदा. काख. कंबर. मांडी. गुडघा. असं पायाच्या बोटांपर्यंत, मग डावी बाजू, मग पाठ, मग चेहरा. दोन नावांच्या मध्ये तीन-चार सेकंद. सपाट आवाज, संगीत नाही, शेवटी घंटा नाही, कारण अर्धवट लागलेली झोप त्या मंजूळ घंटेने मोडलेली मी किती तरी जणांकडून ऐकली आहे. आवाज हळूहळू बारीक होत बंद. हेडफोन नाही, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ऐकताना जिथलं नाव येईल तिथे जाऊन यायचं, एखादं निसटलं तर मागे फिरायचं नाही. आणि पहिल्याच ओळीत एक अट: यादी संपेपर्यंत जागं राहायचा प्रयत्न करायचा. मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी सांगितलेली उलट्या हेतूची युक्ती ती हीच.

यादीत वाक्यच नव्हतं. कर्ता नाही, क्रियापद नाही, काळ नाही, ‘आपले’-‘तुमचे’ नाही. एका मुद्रितशोधकाला मजकूर देऊन त्यात तपासण्यासारखं काही ठेवायचं नाही, एवढाच विचार त्यामागे होता.

सहाव्या आठवड्यात एक रात्र पूर्ण वाया गेली, पहाटे चारपर्यंत. नवं मोठं काम आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते साडेनऊला झोपायला निघाले होते, बायकोने अडवलं. या प्रकरणातलं श्रेय वाटायचं ठरलं तर त्या अडवण्याला मी बराच वाटा देईन.

आठव्या आठवड्याची डायरी: अंथरुणात पावणेसात तास, झोप सहा तास पाच मिनिटं, म्हणजे ९० टक्के. झोप लागायला सरासरी २५ मिनिटं. प्रश्नावलीचे गुण १७वरून ९. आठच्या खाली आले असते तर निद्रानाश नाही असं म्हणता आलं असतं. तेवढं झालं नाही.

ते बराच वेळ कागदाकडे बघत होते. “म्हणजे एकूण झोप वाढली फक्त वीस मिनिटं?”

हो, वीस मिनिटं. जागरण पावणेचार तासांवरून चाळीस मिनिटांवर आलं होतं, पण त्यांना हवे होते आठ तास, कारण कुठेतरी आठ तास वाचलेलं होतं. दिवसा चुका सुटताहेत का, विचारल्यावर म्हणाले, “नाही. आता दुसऱ्यांच्या सापडताहेत.” तरी वीस मिनिटांची खंत गेली नाही, आणि ती घालवायचा मी फार प्रयत्नही केला नाही.

यात ध्यानाने किती केलं? मी एकामागून एक तीन गोष्टी बदलल्या, त्यामुळे वेगळं काढून सांगता येणार नाही. प्रामाणिक अंदाज विचाराल तर मोठा वाटा अंथरुणातला वेळ आवळण्याचा. संध्याकाळच्या सरावाने त्यांना खांदे परत मिळाले. अवयवांच्या यादीने कदाचित एवढंच केलं, की झोप येईपर्यंत त्यांना तिची वाट बघू दिली नाही. यादी नसती तर हे आणखी थोडं रडतखडत, पण झालं असतं. आवळणं नसतं तर बारावं रेकॉर्डिंग आलं असतं, एवढी मात्र माझी खात्री आहे.

तीन महिन्यांनी फोनवर बोललो. संध्याकाळचा सराव आठवड्यातून चार दिवस होतो. रात्री रेकॉर्डिंग लावत नाहीत, यादी पाठ झाली आहे, मनातल्या मनात चालते. आठवड्यातून एखादी रात्र यादी संपूनही जागे असतात, तेव्हा उठून बाहेरच्या खोलीत बसतात. आपल्या एका मित्राला द्यायची म्हणून त्यांनी यादी कागदावर उतरवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी निरोप आला: “मॅडम, उजव्या पायाला आधी नडगी मग पोटरी आहे, डाव्याला आधी पोटरी मग नडगी. इतके दिवस रात्री ऐकतोय, आज लिहिताना सापडलं. कुठला क्रम ठेवू?”